दहा थाऊ

मॅसीचं हेड उतरवून
गोणपाटावर पालथं घातलं.
बाबांनी पुठ्ठ्याला सहा भोकं पाडली,
एकेक व्हॉल्व्ह खोचला, खाली खडूनं आकडा.
"ज्याचं घर त्यालेच. अदलाबदल केली
तं दोघंही बेघर."

तीन हवेचे, तीन धुराचे.
धुराच्या दुसऱ्याचं तोंड खाल्लेलं,
देवी येऊन गेल्यासारखं.
हा खारपाणपट्टा. इथल्या विहिरीचा
बैलसुद्धा वास घेतो आणि मान वळवतो.
दामोदर खंडारे या ट्रॅक्टरला
टिनावरून गळलेलं पावसाचं पाणी पाजतो,
वर्षभर टाकीत झाकून ठेवलेलं.
पाहुण्यांना मात्र विहिरीचं.

पेस्ट बोटावर घेतली, आधी जाडी.
लाकडी दांडी, टोकाला रबराची वाटी,
ती व्हॉल्व्हच्या कपाळाला चिकटवायची
आणि दोन तळव्यांत दांडी घुमवायची.
उचल. पाव फेरा. टेकव. पुन्हा.
खंडारेबाई दारातून बघत म्हणाल्या,
"पोरीचा हात ताकाले चांगला आहे वो."
मी जन्मात ताक घुसळलेलं नाही.
सांगितलं नाही.

आवाज आधी खरखरतो, मग सरसरतो,
मग येईनासा होतो. तेव्हा थांबायचं.
बाबांना यातलं काही ऐकू येत नाही.
चाळीस वर्षं सायलेन्सरशेजारी उभं राहून
उजवा कान गेला, डावा वाटेवर आहे.
ते दांडीला दोन बोटं टेकवतात
आणि मान हलवतात. अजून नाही.

पुसल्यावर सीटवर राखाडी कडं दिसतं,
काकणाएवढं अखंड.
कुठं तुटायला नको, कुठं पसरायला नको.
रॉकेल आता मिळत नाही,
म्हणून हेडच्या वाटांत डिझेल ओतलं
आणि चहा होईपर्यंत बसलो.
पाचव्याच्या काठाला एक थेंब आला.
बाबा काही बोलले नाहीत,
पेस्टची डबी माझ्याकडे सरकवली.
चहा गार झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिन चालू झालं,
तापलं, बंद केलं. आता टॅपिट.
इंचाचे हजार तुकडे केले
तर त्यातल्या दहा तुकड्यांएवढी फट.
मी दर्यापूरच्या आयटीआयमध्ये मिळालेला
पात्यांचा जुडगा उघडला.
बाबांनी तंबाखूची डबी उघडली.

तिच्या तळाशी पोस्टकार्ड, पंधरा पैशांचं,
दामोदरच्या वडिलांनी बाबांना लिहिलेलं.
तेलानं शाई खाल्ली. उरलंय एवढंच:
"गाडी धुपते", आणि पार खाली, "त्वरित येणे".
बाबा सायकलवर आले होते तेव्हा,
खिशात हे कार्ड, गेज नव्हतं.
तेच फटीत सरकवून पाहिलं, नेमकं बसलं,
आणि तेव्हापासून दहा थाऊ म्हणजे हे.

मी माझ्या पात्यांशी ताडून पाहिलं.
डाव्या कानात ओरडले, "बाबा, हे नऊ भरते!"
त्यांनी कार्ड उजेडात धरलं.
"तवा दहा होतं."
मग जरा वेळानं,
"तं मंग तुयं लाव."

सहाही मी लावले.
कार्ड डबीत गेलं, वर तंबाखू.
इंजिन परत सुरू. बाबांनी लांब पेचकस घेतला,
टोक रॉकर कव्हरवर, मूठ जबड्याच्या हाडाला,
तोंड थोडं उघडं.
एक बोट वर केलं, मग तीन बोटं.
तिसरा.
मी बंद करून पुन्हा मोजला.
अकरा होते.

दामोदरनं टाकीचं झाकण काढलं,
रेडिएटर काठोकाठ भरला.
बादलीत तांब्याभर उरलं होतं.
तो बादलीकडे पाहत राहिला,
मग आत जाऊन पेला घेऊन आला.
एकच.
बाबा आधी प्याले.